सासूबाईंची भीती आणि बेचाळीस किलोमीटर

पत्र

"ताई, मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. वय त्रेचाळीस, फोर्टला बँकेत नोकरी, दोन मुलं, मोठी मुलगी नववीत. काही वर्षांपूर्वी वजन वाढलं म्हणून सकाळी चालायला लागले, मग आमच्या बायकांच्या ग्रुपबरोबर हळूहळू धावायला. मुंबई मॅरेथॉनमध्ये आधी दहा किलोमीटर केले, या जानेवारीत हाफ पूर्ण केली. आता एकदा तरी फुल करायची आहे. पण घरात विषय काढला की वातावरण बदलतं. सासूबाई म्हणतात, बाईने एवढं धावू नये, अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं. गावाकडे त्यांनी तसं झालेलं पाहिलंय. माझे मिस्टर म्हणतात, हाफपर्यंत ठीक आहे, बेचाळीस किलोमीटर हे बायकांच्या शरीराचं काम नाही. नेहमीच्या डॉक्टरांनीही 'या वयात कशाला?' म्हणून विषय संपवला. परवा मुलीने विचारलं, 'आई, बायका मॅरेथॉन कधीपासून धावतात?' मला सांगता आलं नाही. खरंच शरीराला धोका आहे का? आणि घरच्यांना नाराज करून धावणं बरोबर आहे का?"

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

हाफ पूर्ण केल्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. नोकरी, नववीतली मुलगी, घरचं सगळं सांभाळून एकवीस किलोमीटर धावणं ही साधी गोष्ट नाही. उत्तरासाठी तुम्हाला ताटकळत ठेवत नाही: तपासण्या करून घ्या, नीट तयारी करा आणि फुल जरूर धावा.

सुरुवात मुलीच्या प्रश्नापासून करते. तिला हवं असलेलं उत्तर आणि तुमच्या मिस्टरांना द्यायचं उत्तर एकच आहे.

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, तेव्हा मॅरेथॉन फक्त पुरुषांची होती. स्टामाटा रेविथी नावाची एक गरीब बाई, कडेवर तान्हं मूल असलेली, तिला त्या शर्यतीत धावायचं होतं. तिला घेतलं नाही. पुरुषांची शर्यत झाली आणि दुसऱ्या दिवशी ती एकटी मॅरेथॉन गावातून अथेन्सकडे धावत निघाली. निघण्याआधी तिने काय केलं, ते मुलीला मुद्दाम सांगा. गावच्या शिक्षकांची आणि अधिकाऱ्यांची सही तिने कागदावर घेतली, अमुक वेळेला मी इथून निघाले म्हणून. साधारण साडेपाच तासांनी ती अथेन्सला पोचली. स्टेडियममध्ये तिला शिरू दिलं नाही, तर बाहेर भेटलेल्या अधिकाऱ्यांकडून तिने पोचल्याच्या वेळेवर सह्या घेतल्या. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे तिला निघतानाच माहीत होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही बाई मला फार जवळची वाटते.

म्हणजे मॅरेथॉन जितकी जुनी, तितकंच बायकांचं मॅरेथॉन धावणंही जुनं. नव्याने आली ती फक्त परवानगी. १९२६ साली इंग्लंडच्या व्हायोलेट पिअर्सी यांनी ३ तास ४० मिनिटं २२ सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावल्याची नोंद आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं अशा नोंदी तुरळकच राहिल्या, आणि त्याला कारण आहे १९२८चं अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिक.

अ‍ॅमस्टरडॅमला बायकांना पहिल्यांदा ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतींत घेतलं. सर्वांत लांबची शर्यत होती ८०० मीटरची. जर्मनीच्या लीना राड्केने ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत, जागतिक विक्रम करून जिंकली. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. जीव तोडून धावलेल्या काही जणी शेवटची रेघ ओलांडल्यावर गवतावर आडव्या झाल्या. पुरुष धावपटूही होतात, आजही होतात. वर्तमानपत्रांनी मात्र बिचाऱ्या बायका कोसळल्या, काहींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, असं रंगवून छापलं. प्रत्यक्षात अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली होती. तरीही बायकांच्या शरीराला हे झेपत नाही असं ठरवून ती शर्यतच बंद केली. ती परत आली १९६० साली, रोमला. बत्तीस वर्षं! दोन मिनिटांच्या शर्यतीसाठी.

तुमचे मिस्टर जे म्हणतात ते वाक्य इथून आलेलं आहे. त्यांनी ते कुठे वाचलं असेल असं नाही, ते हवेतच आहे. त्यांच्या मनात वाईट काही नसणार, तुमची काळजीच आहे. पण ही काळजी खोट्या बातमीवर उभी राहिलेली आहे, एवढं त्यांना शांतपणे सांगा.

आता अमेरिकेतल्या बॉस्टन मॅरेथॉनकडे येऊ. १९६७ साली 'के. व्ही. स्वित्झर' अशा नावाने नोंदणी करून, २६१ नंबरचा बिब, म्हणजे धावपटूचा नंबर, अंगावर लावून धावणाऱ्या कॅथरीन स्वित्झरला भर शर्यतीत एका अधिकाऱ्याने पकडून नंबर ओढायचा प्रयत्न केला. तो फोटो तुम्ही पाहिला असेल, दर वर्षी मॅरेथॉनच्या सुमारास तो मोबाइलवर फिरत असतो. तिची गोष्ट मोठीच आहे. पण तिच्या एक वर्ष आधी, १९६६ साली, तिथेच रॉबर्टा ऊर्फ बॉबी गिब पूर्ण मॅरेथॉन धावली होती, आणि तुमच्या घरातल्या प्रश्नाशी तिची गोष्ट जास्त जुळते.

बॉबी गिबने रीतसर अर्ज मागवला होता. आयोजकांचं उत्तर आलं की बायका शारीरिकदृष्ट्या मॅरेथॉन धावू शकत नाहीत. अमेरिकेतल्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे बायकांना जास्तीत जास्त दीड मैल धावायची मुभा होती, म्हणजे अडीच किलोमीटरपेक्षाही कमी. ही मुलगी मात्र सराव म्हणून तासन् तास धावत होती, तेही नर्सेस घालतात तसले पांढरे चामड्याचे बूट घालून, कारण बायकांसाठी धावण्याचे बूट मिळतच नव्हते. कॅलिफोर्नियातून कित्येक दिवसांचा बसप्रवास करून ती बॉस्टनजवळच्या आपल्या घरी आली. वडिलांना वाटलं, पोरगी वेडी झाली. आईने मात्र शेवटी तिला गाडीने शर्यतीच्या ठिकाणी नेऊन सोडलं.

भावाची अर्धी चड्डी, अंगात टोपीचा जाड स्वेटशर्ट अशा वेशात ती झुडपांत लपून बसली आणि बरेचसे धावपटू पुढे गेल्यावर घोळक्यात शिरली. थोड्याच वेळात मागच्या पुरुषांच्या लक्षात आलं की ही बाई आहे. तिला भीती वाटत होती की आता हे हाकलून देणार. झालं उलटंच. ते म्हणाले, आम्ही आहोत, तुला कोणी बाहेर काढणार नाही. मग तिने तो स्वेटशर्ट काढला. नवे कोरे मुलांचे बूट घातले होते, त्यांनी पायाला फोड आले आणि शेवटचे काही मैल तिला पावलं जपून टाकावी लागली, तरी तिने ३ तास २१ मिनिटं ४० सेकंदांत शर्यत पूर्ण केली. राज्याचे गव्हर्नर तिच्याशी हस्तांदोलन करायला आले. अधिकृत निकालात तिचं नाव नव्हतं.

(नव्या बुटांचा मुद्दा तुमच्यासाठीही आहे. शर्यतीच्या दिवशी नवं काहीही अंगावर घालायचं नाही. बूट, मोजे, ब्रा, सगळं सरावात वापरलेलंच.)

बॉस्टनने बायकांना अधिकृतपणे घेतलं ते १९७२ साली, आणि नीना कुसिक ती शर्यत जिंकली. त्याच वर्षी न्यूयॉर्कला वेगळाच घोळ. अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक संघटनेने फर्मान काढलं की बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी वेगळं निघावं. पिस्तूल वाजलं आणि सहा धावपटू बायका हातात फलक घेऊन रस्त्यावर खाली बसल्या. दहा मिनिटं तशाच बसून राहिल्या, मग पुरुषांबरोबर उठून धावल्या. आयोजकांनी त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटं धरली. नीना कुसिक त्या बसलेल्यांतली एक होती, आणि जिंकली पुन्हा तीच.

डॉक्टरांबद्दलही थोडं सांगते. बायकांना मॅरेथॉनपासून लांब ठेवण्यात डॉक्टरांचा हात होता, तसा त्यांना पुढे आणण्यातही होता. जर्मनीतल्या वाल्डनील या छोट्या गावचे डॉ. अर्न्स्ट फान आकेन पहिल्यापासून सांगत होते की लांब पल्ल्याला बाईचं शरीर चांगलं साथ देतं. १९७३ साली त्यांनी आपल्या गावात फक्त बायकांची मॅरेथॉन भरवली, जगातली तशी पहिली. 'या वयात कशाला' म्हणणारे डॉक्टर भेटले तर निराश होऊ नका, दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. खेळाडूंना तपासणारे डॉक्टर आता मुंबईत मिळतात.

ऑलिंपिकचं दार उघडायला आणखी दहा-बारा वर्षं लागली. कॅथरीन स्वित्झरने जगभर बायकांच्या शर्यती भरवल्या. १९८० साली लंडनला झालेल्या शर्यतीत सत्तावीस देशांतल्या बायका धावल्या, आणि पुढच्याच वर्षी ऑलिंपिक समितीने बायकांच्या मॅरेथॉनला मान्यता दिली. ५ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस. अमेरिकेच्या जोन बेनॉइटने सुरुवातीच्या काही किलोमीटरांतच सगळ्यांना मागे टाकलं आणि शेवटपर्यंत एकटी पुढे राहिली. वेळ २ तास २४ मिनिटं ५२ सेकंद. निवड चाचणीच्या सतरा दिवस आधी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती.

पण त्या दिवशीची मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती सदतिसावी आलेली बाई. स्वित्झर्लंडची गाब्रिएला आंडरसन-शीस, वय एकोणचाळीस. उन्हाने आणि पाण्याअभावी तिची अवस्था वाईट झाली होती. स्टेडियममध्ये शिरली तेव्हा एक हात लुळा पडलेला, कंबरेत वाकलेली, पाय कुठे पडतोय ते कळत नाही. तो शेवटचा एक फेरा घ्यायला तिला पावणेसहा मिनिटं लागली. सगळं स्टेडियम उभं राहून पाहत होतं. डॉक्टर बाजूने चालत होते, पण हात लावला असता तर ती बाद झाली असती. तिला घाम येतोय, म्हणजे शरीर अजून स्वतःला थंड करतंय, हे पाहून त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. तिने रेघ ओलांडली आणि त्यांनी तिला उचललं. काही तासांत ती सावरली.

१९२८ साली काही बायका दमून गवतावर आडव्या झाल्या, तर शर्यत बत्तीस वर्षं बंद पडली. १९८४ साली एक बाई साऱ्या जगासमोर टीव्हीवर खरोखर कोसळायच्या बेतात होती, तरी मॅरेथॉन बंद करा असं म्हणणाऱ्यांचं चाललं नाही. मधल्या छप्पन्न वर्षांत शरीरं बदलली नव्हती. मधल्या काळात इतक्या बायका धावून गेल्या होत्या की एकीच्या त्रासावरून सगळ्यांचा निकाल लावणं आता शक्य नव्हतं. तिला झालेला त्रास हा उन्हाचा आणि पाण्याचा प्रश्न होता, आणि त्याकडे तसंच पाहिलं गेलं. तुमच्या घरातही मला हेच व्हायला हवंय. तुमचा गुडघा दुखला तर तो गुडघ्याचा प्रश्न, 'बायकांचं काम नाही' याचा पुरावा नव्हे.

२०२४ला पॅरिसमध्ये बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी ठेवली होती, जो मान आधी पुरुषांच्या मॅरेथॉनला असे. पाच हजार आणि दहा हजार मीटरमध्ये आधीच पदकं घेतलेल्या सिफान हसनने २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत ती जिंकली, दुसरीपेक्षा अवघे तीन सेकंद आधी. मुलीबरोबर त्या शर्यतीचा शेवट बघा.

आपल्याकडचंही सांगा तिला. १९५२ साली हेलसिंकीला भारताच्या ज्या दोन मुली पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये धावल्या, नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, त्यातल्या मेरी आपल्या बांद्र्याच्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, तिने तर तुम्ही धावता त्याच मुंबईच्या रस्त्यांवर २०१५ साली २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत फुल धावून भारतीय बायकांत पहिला नंबर काढला. पुढच्याच वर्षी रिओला ती स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत होती. दुष्काळी गावातली मुलगी! पायात स्लीपर आणि अंगावर नऊवारी घालून निघालेल्या बारामतीच्या लता करे तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. त्यांचं अंतर लहान होतं, पण नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी साठी ओलांडलेली बाई धावली आणि जिंकली, हे तुमच्या सासूबाईंना ऐकायला नक्की आवडेल.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका, अशी माझी विनंती आहे. त्यांनी गावाकडे जे पाहिलं ते खरं आहे. त्या पिढीतल्या बायकांची पाच-सहा बाळंतपणं व्हायची, तीही घरी, सुईणीच्या हातची. अंगावरचं दूध पितं मूल घेऊन आठवड्याभरात डोक्यावर हंडे, शेतात वाकून काम. गर्भाशय जागेवर धरून ठेवणारे स्नायू आणि बंध बाळंतपणात ताणले जातात, ते सावरायला वेळ मिळाला नाही आणि वरून ओझी उचलली तर अंग बाहेर येतं. वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठ, पाळी गेल्यानंतर सैल पडणारे स्नायू, हीही कारणं असतात. त्या बायका धावत नव्हत्या हो, राबत होत्या. सासूबाईंना जवळ बसवून विचारा, कोणाला झालं होतं, तिला किती मुलं होती, कोणी तिला डॉक्टरांकडे नेलं का. मला वाटतं, त्या बोलतील. आणि बोलता बोलता त्यांनाच फरक कळेल.

धावण्याने निरोगी गर्भाशय खाली येत नाही. तसं असतं तर नॉर्वेची इंग्रिड क्रिस्तियान्सन १९८३च्या ऑगस्टमध्ये बाळंत होऊन पुढच्या जानेवारीत ह्यूस्टनची मॅरेथॉन २ तास २७ मिनिटांत कशी जिंकली असती? पॉला रॅडक्लिफ २००७च्या जानेवारीत आई झाली आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जिंकली. पण ह्या जगातल्या निवडक खेळाडू, मागे डॉक्टरांची फौज असलेल्या, त्यामुळे त्यांच्यावरून तुमचं सगळं ठरवणार नाही. तुम्ही स्वतःला हे प्रश्न विचारा: धावताना, शिंकताना, खोकताना लघवीचे थेंब जातात का? ओटीपोटात खाली काहीतरी ओढल्यासारखं, जड वाटतं का? तसं असेल तर लाजू नका, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात, आणि बहुतेक बायकांना त्याने चांगला फरक पडतो. तक्रार असेल तर अंतर वाढवणं थोडं पुढे ढकला. त्रास काहीच नसेल तरी हे व्यायाम रोज करा, लोकलमध्ये उभ्या उभ्याही होतात.

त्याहून मला जास्त काळजी आहे ती तुमच्या रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. चाळिशीनंतर बऱ्याच जणींची पाळी अनियमित होते, जास्त जाते, आणि आपण ते चालवून घेतो. हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे कमीच. त्या रक्तावर फुलची तयारी केलीत तर दम लागेल, पाय जड होतील, आणि घरचे म्हणतील, बघ, सांगितलं होतं. म्हणून आधी हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि ईसीजी. घराण्यात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्या क्षणी थांबायचं. सराव वाढला आणि पाळी बंदच झाली, तर 'वयानुसार असेल' म्हणून सोडून देऊ नका. कित्येकदा त्याचं कारण कमी खाणं असतं. वजन उतरावं म्हणून धावायला लागलेल्या बायका हे हमखास करतात, सकाळी पंधरा किलोमीटर आणि दुपारी दोन फुलके. तसं चालणार नाही. लांब धावायचं तर पोटभर जेवायचं.

वयाचं म्हणाल, तर त्रेचाळीस हे काही वय नाही. कॅथरीन स्वित्झर २०१७ साली, सत्तराव्या वर्षी, तोच २६१ नंबर लावून पुन्हा बॉस्टन धावली, पावणेपाच तासांत. ऑलिंपिक जिंकलेल्या जोन बेनॉइटने एकसष्टाव्या वर्षी ३ तास ४ मिनिटांत बॉस्टन पूर्ण केली. २००८चं बीजिंग ऑलिंपिक जिंकणारी रुमेनियाची कॉन्स्टंटीना अडतीस वर्षांची होती, एका मुलाची आई.

सरावाचं थोडक्यात. आठवड्यातून चार दिवस धावा, दोन दिवस ताकदीचा व्यायाम: बैठका, मांड्या-नितंबांचे, पोटाचे. गुडघ्यांची भीती घालणारे पुष्कळ भेटतील, पण गुडघे वाचतात ते मांड्यांच्या स्नायूंमुळे, घरी बसल्याने नाही. रविवारचा लाँग रन हळूहळू वाढवत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायचा, दर तीन आठवड्यांनी एक रविवार कमी धावायचं. वेग असा ठेवा की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. तुमच्या इथून हायवेच्या सर्व्हिस रोडने ठाण्याच्या दिशेने जाऊन परत येता येईल, पण महिन्यातून एकदा पहिली लोकल पकडून सीएसएमटीला उतरा आणि मरीन ड्राइव्हवरून पेडर रोडपर्यंत जा. पेडर रोडचा चढ हाफमध्ये तुम्ही चढलाच आहात. फुलमध्ये तो परतीच्या वाटेवर येतो तेव्हा पायांत पस्तीसएक किलोमीटर असतात आणि डोक्यावर ऊन. तिथे चालत चढायचं ठरवूनच जा, त्यात कमीपणा काही नाही. अंधारात एकटीने धावू नका, ग्रुप सोडू नका, कानात काही घालू नका.

मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर तापतं. साधं पाणी घटाघट पिणं हा त्यावरचा उपाय नाही. तहान लागेल तसं प्या आणि बरोबर मीठ जाऊ द्या. नुसतं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं मीठ उतरून धावपटूंच्या जिवावर बेतलेलं आहे. खजूर, चिक्की, केळं, मीठ-साखरेचं पाणी, जे पोटाला मानवतं ते सरावातच ठरवा. काखेत आणि ब्राच्या कडेला व्हॅसलीन लावा, नाहीतर आंघोळीच्या वेळी डोळ्यांत पाणी येईल.

आता शेवटचा प्रश्न, घरच्यांना नाराज करून धावावं का. मैत्रिणी, तुमच्या पत्रात कोणी तुम्हाला साफ मनाई केल्याचं मला दिसत नाही. सासूबाई घाबरल्या आहेत, मिस्टरांना ऐकीव माहिती आहे, डॉक्टरांना वेळ नव्हता. ह्या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांना एकच भिंत समजू नका. मिस्टरांना तपासणीला बरोबर घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी स्वतः ऐकावं. आणि त्यांच्याकडे परवानगी मागू नका, मदत मागा: रविवारी सकाळचा चहा-नाश्ता त्यांनी आणि मुलांनी करायचा, पुढचे सगळे महिने. नुसतं 'जा, धाव' म्हणण्यापेक्षा ही मदत मोठी आहे. कारण बाईची मॅरेथॉन अडते ती बहुतेक वेळा सकाळी सहा ते नऊमध्ये, ओट्यापाशी.

येत्या जानेवारीसाठी तयारी पुरेल का, हे दिवाळीच्या सुमारास ठरवा. तोवर पंचवीस किलोमीटर त्रासाशिवाय होत असतील तर धावा, नाहीतर यंदा पुन्हा हाफ आणि फुल पुढच्या वर्षी. नोंदणी मात्र उघडल्याबरोबर करावी लागते, जागा भरतात. फुलसाठी आधीच्या शर्यतीच्या वेळेबद्दल काय मागितलंय ते नियमांत नीट वाचा, तुमचं हाफचं टायमिंग सर्टिफिकेट जपून ठेवा. आणि तपासण्यांचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा, विशेषतः हिमोग्लोबिनचा आकडा. तो दहाच्या आत असेल तर लाँग रन लगेच थांबवा, डॉक्टरांकडून गोळ्या सुरू करून घ्या आणि तोवर सकाळी फक्त चालायला जा.